उहुरा : नावात हुर्रियत, वाट्याला टेलिफोन

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला एका जुन्या अमेरिकन मालिकेचा भाग दाखवला. मालिका 'स्टार ट्रेक'. प्रोजेक्टर मागून आणलेला, पडद्याच्या जागी चुना लावलेली भिंत आणि संवाद सगळे इंग्रजी. त्यामुळे मध्ये मध्ये थांबवून उर्दूत कथा सांगणे भाग होते. यानाचा कप्तान कोण, टोकदार कानांचा स्पॉक कोण, डॉक्टर कोण, हे मुलींनी झटकन ओळखले. कप्तानाच्या मागे, कानात एक चंदेरी यंत्र घालून लाल पोशाखात बसलेल्या काळ्या तरुणीविषयी आम्ही काही सांगणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ये तो सिर्फ फोन उठाती है!" वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

घरी आल्यावर मात्र ते हसू आम्हाला बोचू लागले. त्या मुलीने सहज म्हणून जे म्हटले, तेच अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी आणि टीकाकारांनी कितीतरी वर्षे म्हटले आहे. लेफ्टनंट उहुरा म्हणजे अंतराळातली टेलिफोन ऑपरेटर! यानाबाहेरून संदेश आला की तो आल्याचे सांगायचे, कप्तानाने हुकूम दिला की संपर्काची वाट खुली झाल्याचे कळवायचे, आणि पुन्हा गप्प बसायचे. मालिकेच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते, नाही असे नाही. पण तो आदर ती त्या खुर्चीवर बसली याबद्दलचा आहे. त्या खुर्चीवर बसून तिने काय केले, हे विचारण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही. या लेखात आम्हाला तेच विचारायचे आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी बंद पडली. तीन हंगाम, एकूण ७९ भाग. पुढे १९८० च्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही दिसली. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कर्क आणि स्पॉक अजून आठवतात. 'एंटरप्राइझ' नावाचे यान आणि त्यावरचे चारशेच्या वर लोक तेविसाव्या शतकात अज्ञात ग्रहांचा शोध घेत हिंडतात, अशी कल्पना. या लोकांत अमेरिकन गोरा कप्तान आहे, जपानी वंशाचा सुलू आहे, दुसऱ्या हंगामापासून रशियन चेकॉव्ह आहे, आणि संपर्क विभागाची अधिकारी म्हणून आफ्रिकेची उहुरा आहे. ही भूमिका नीशेल निकोल्स या गायिका-अभिनेत्रीने केली. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या नामवंत वादकाच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊन ती या क्षेत्रात आलेली होती.

हे वर्ष ध्यानात घेतल्याशिवाय या पात्राचे मोल कळायचे नाही. अमेरिकेत वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा, मतदानाच्या हक्काचा कायदा १९६५ चा. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये रद्द केले, म्हणजे मालिका सुरू होऊन नऊ महिने झाल्यावर! त्या काळी पडद्यावर काळी स्त्री दिसायची ती बहुधा मोलकरीण म्हणून. अशा वेळी दर आठवड्याला एक काळी स्त्री गणवेश घालून, अधिकाऱ्याच्या हुद्द्याने, सगळ्यांच्या बरोबरीने बसलेली दिसू लागली. ही बाब लहान नव्हती.

आता तिच्या नावाकडे वळू. या नावापाशी आम्ही उर्दू शिकवणारे लोक थबकल्याशिवाय राहत नाही. निकोल्सने सांगितलेली हकीकत अशी की, भूमिकेच्या चाचणीला ती गेली तेव्हा तिच्या हातात रॉबर्ट रुआर्क यांची १९६२ साली प्रसिद्ध झालेली 'उहुरू' ही कादंबरी होती. उहुरू हा स्वाहिली शब्द. अर्थ, स्वातंत्र्य. केनिया डिसेंबर १९६३ मध्ये इंग्रजांच्या सत्तेतून मुक्त झाला आणि त्या लढ्यात हा शब्द घोषणेसारखा गर्जत होता. त्याचा शेवटचा स्वर बदलून 'उहुरा' हे नाव घडवले गेले. पण स्वाहिलीत हा शब्द आला कोठून? अरबीतून! 'हुर' म्हणजे आझाद माणूस. त्याच मुळापासून आपला 'हुर्रियत' शब्द आला, आणि करबलाच्या प्रसंगात ऐनवेळी सत्याच्या बाजूला येऊन उभे राहिलेल्या हजरत हुर यांचे नावही त्याच मुळाचे. आमच्या वर्गातल्या मुलींना ते आधी जन्नतमधली 'हूर' वाटले. ती हूर वेगळी आणि हा हुर वेगळा, हे फळ्यावर अक्षरे मांडून दाखवावे लागले.

स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा. अरबस्तान, इराण, गुजरात आणि कोकणाच्या गलबतांनी तो किनारा शतकानुशतके जोडलेला. कोकणातल्या मुस्लिम घरांतूनही माणसे केनियापर्यंत जाऊन स्थायिक झाली. स्वाहिलीत पुस्तकाला 'किताबू', जगाला 'दुनिया', बातमीला 'हबारी', वेळेला 'वकाती', मित्राला 'रफीकी', शिक्षकाला 'म्वालिमू' आणि भाषेला 'लुघा' म्हणतात. आपले किताब, दुनिया, खबर, वक्त, रफीक, मुअल्लिम आणि लुगत त्यात सरळ ऐकू येतात. तेव्हा उहुरा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. तिची भाषा आपल्या भाषेची दूरची बहीण आहे. मालिकेच्या पहिल्याच प्रसारित भागात, म्हणजे 'द मॅन ट्रॅप'मध्ये, एक रूप बदलणारा प्राणी तिला भुलवण्यासाठी तिच्याशी स्वाहिलीत बोलतो. एवढ्या मोठ्या यानावर मातृभाषेचा एक शब्द कानी पडताच ती क्षणभर विरघळते. परमुलखात राहिलेल्या कोणालाही तो क्षण समजेल.

उहुराची जी तारीफ होते ती तीन गोष्टींसाठी, आणि त्या तिन्ही खऱ्या आहेत. पहिली गोष्ट डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भेटीची. पहिला हंगाम संपल्यावर निकोल्सने मालिका सोडायचे ठरवले होते. संवाद कापले जात होते, आणि आपल्याला आलेली चाहत्यांची पत्रे आपल्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती, असे तिने पुढे सांगितले. अशात एका समारंभात डॉ. किंग भेटले. आपल्या घरी मुलांना जागून ही मालिका पाहण्याची परवानगी आहे, असे सांगून त्यांनी तिला सोडू नकोस म्हटले. तू गेलीस तर ती जागा कोणालाही देता येईल, आणि आज जग आम्हाला प्रथमच आहोत तसे पाहत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय तिने अनेकदा सांगितला आहे. ती थांबली. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. किंग यांची हत्या झाली.

दुसरी गोष्ट २२ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखवलेल्या 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन' या भागाची. त्यात कर्क आणि उहुरा यांचे चुंबन आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरचे गोऱ्या पुरुषाचे आणि काळ्या स्त्रीचे पहिले चुंबन म्हणून ते आजही सांगितले जाते. ते अगदी पहिले होते की नाही याबद्दल वाद आहेत, पण त्याचा गाजावाजा सर्वांत अधिक झाला हे खरे.

तिसरी गोष्ट नासाची. १९७७ साली निकोल्सने आपल्या 'विमेन इन मोशन' या संस्थेमार्फत अंतराळवीर म्हणून अर्ज करा, असे स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना आवाहन करत अमेरिकाभर दौरे केले. जानेवारी १९७८ मध्ये नासाने निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत ६ स्त्रिया आणि ३ कृष्णवर्णीय पुरुष होते. याआधी तेथील अंतराळवीरांत एकही स्त्री नव्हती. त्याच तुकडीतली सॅली राइड १९८३ च्या जूनमध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गायन ब्लुफर्ड हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन वर गेला. १२ सप्टेंबर १९९२ रोजी 'एन्डेव्हर' यानातून गेलेली मे जेमिसन ही अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी उहुराला पाहून आपल्याला उमेद मिळाली, हे तिने स्वतः सांगितले आहे.

आता वाचकांनी थोडे थांबून पाहावे. या तीनपैकी दोन गोष्टी पडद्याबाहेरच्या आहेत. त्या नीशेल निकोल्स या बाईच्या आहेत, उहुराच्या नाहीत. डॉ. किंग भेटले ते अभिनेत्रीला. नासासाठी फिरली ती अभिनेत्री. उरली पडद्यावरची एकच गोष्ट, चुंबनाची. त्या भागाची कथा काय आहे? एका ग्रहावरचे जुलमी लोक मनाच्या ताकदीने दुसऱ्यांची शरीरे बाहुल्यांसारखी नाचवतात. करमणूक म्हणून ते कर्क आणि उहुराला जवळ आणतात. दोघांचीही इच्छा नसते. दोघेही विरोध करतात आणि हरतात. म्हणजे ज्या क्षणासाठी उहुराचे नाव इतिहासात लिहिले गेले, त्या क्षणी तिला स्वतःची मर्जीच नव्हती! जिच्या नावाचा अर्थ आझादी, तिची ओळख म्हणून आपण तिच्या गुलामीचा क्षण निवडला. यापेक्षा मोठा अन्याय दुसरा कोणता?

म्हणून आम्ही ते भाग बाजूला ठेवून दुसरे भाग पाहिले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. १९६७ च्या २२ सप्टेंबर, २९ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबर या तारखांना, म्हणजे सलग तीन आठवडे, जे तीन भाग दाखवले गेले त्यांत उहुरा पूर्ण दिसते. हे योगायोगाने झाले असेल. पण हे तीन भाग एकापाठोपाठ पाहिले तर 'फोन उठाती है' हे वाक्य कोणी पुन्हा उच्चारणार नाही.

पहिला भाग 'हू मोर्न्स फॉर अडोनेस?'. ग्रीकांचा जुना देव अपोलो यानाला जखडून ठेवतो आणि कप्तानासह काही जण खाली ग्रहावर अडकतात. यानाशी त्यांचा संपर्क तुटलेला. तो पुन्हा जोडायचा तर संपर्क यंत्रणेची आतली जोडणी बदलायला हवी. उहुरा आपल्या मेजाखालचा भाग उघडून हातात हत्यार घेऊन तारा जोडू लागते. काम अतिशय नाजूक आहे आणि असे काम केल्याला आपल्याला वर्षे झाली, असे ती स्पॉकला सांगते. यानावरचा सर्वांत बुद्धिमान समजला जाणारा आणि कोणाची खोटी स्तुती न करणारा स्पॉक उत्तर देतो की, या कामासाठी तिच्याहून अधिक योग्य दुसरे कोणी आपल्याला सुचत नाही. बस्स, एवढेच. पण यंत्र बिघडल्यावर ते उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपण ऑपरेटर म्हणत नाही, इंजिनियर म्हणतो.

दुसरा भाग 'द चेंजलिंग'. आम्ही शिक्षक असल्यामुळे हा भाग आम्हाला सर्वांत अधिक भिडला. नोमॅड नावाचे एक भटके यंत्र यानावर येते. जे अपूर्ण, सदोष, ते नष्ट करायचे, हा त्याचा धर्म. उहुरा आपल्या जागेवर बसून गाणे गुणगुणत असते. यंत्राला गाणे म्हणजे काय ते कळत नाही. ते तिच्या मेंदूतले सगळे ज्ञान तपासते आणि तपासताना पुसून टाकते. वर ते म्हणते की हिचे विचार गोंधळलेले आहेत, आणि त्यावर स्पॉक एवढेच सांगतो की ती स्त्री आहे. १९६७ सालच्या लेखकांना हा विनोद वाटला असावा. आज तो ऐकवत नाही.

पण पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. उहुराला सगळे पहिल्यापासून शिकवले जाते. यानाच्या दवाखान्यात बसून ती पहिलीच्या मुलासारखी अक्षरे जुळवते, कुत्रा आणि चेंडूचे लहानसे वाक्य अडखळत वाचते. अडली की चिडून स्वाहिलीत बोलू लागते! इंग्रजी पुसली गेली, हुद्दा पुसला गेला, तरी मायबोली कोठेतरी खोल शिल्लक राहिली. माध्यमाच्या प्रश्नावर आम्ही बी.एड.ला जे वाचले ते सगळे या एका दृश्यात आहे. मुलाला जे शिकवायचे त्याचा पाया त्याच्या आईच्या भाषेत असतो. भाग संपेपर्यंत ती महाविद्यालयाच्या पातळीवर पोचल्याचे सांगितले जाते, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा आपल्या जागी बसणार असते. लेखकांनी हे दोन वाक्यांत उरकले. पण विचार करा, सगळी विद्या हिरावून घेतल्यावर इतक्या थोड्या अवधीत ती परत मिळवणे! कर्कच्या वाट्याला हे आले असते, तर त्यावर दोन भाग निघाले असते.

तिसरा भाग 'मिरर, मिरर'. कर्क, डॉक्टर मॅकॉय, स्कॉटी आणि उहुरा हे चौघे एका उलट्या विश्वात जाऊन पडतात. तेच यान, तीच माणसे, पण सगळे क्रूर. बढती मिळवायची तर वरच्याचा खून करायचा, असा तेथला रिवाज. परतायचे तर गुपचूप यंत्रणेत बदल करायला हवा, आणि त्या क्षणी सुरक्षेच्या फलकावर लागणारा दिवा सुलूच्या नजरेस पडता कामा नये. ही कामगिरी एकट्या उहुराची. ती घाबरलेली आहे आणि ते लपवत नाही. तरीही ती त्या माणसांत एकटी जाऊन बसते, सुलूला बोलण्यात गुंतवते, वेळ साधते, आणि काम होताच त्याला थप्पड मारून खंजीर उपसून मागे सरते. शेवटी परतीच्या वाटेवर एक स्त्री शस्त्र रोखून उभी राहते, तेव्हा तिच्या हातातून ते शस्त्र काढून घेणारीही उहुराच. भीती वाटणे आणि भित्रे असणे यांतला फरक मुलींना समजावण्यासाठी आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

सलग तीन आठवड्यांत तीन गुण दिसतात. हाताचे कौशल्य, शिकण्याची ताकद आणि भीती असतानाची हिंमत. मग हे पात्र दुर्लक्षित का राहिले?

एक कारण उघड आहे. हे तीन भाग अपवाद होते. ७९ भागांपैकी बहुतेकांत तिला एकदोन वाक्यांपलीकडे काही नाही, हे मान्य केले पाहिजे. कप्तान खाली ग्रहावर उतरला की स्पॉक, स्कॉटी, सुलू यांना आळीपाळीने यानाची सूत्रे मिळत. उहुरा लेफ्टनंट असूनही त्या मूळ मालिकेत तिला ती कधीच मिळाली नाहीत. मिळाली ती १९७३ साली, त्याच मालिकेच्या कार्टून आवृत्तीतल्या 'द लोरेलाय सिग्नल' या भागात. सगळे पुरुष एका ग्रहावरच्या स्त्रियांच्या मोहात सापडून निकामी होतात, तेव्हा उहुरा सूत्रे हाती घेते आणि स्त्री रक्षकांची तुकडी घेऊन त्यांना सोडवते. म्हणजे हाडामांसाच्या उहुराला जी खुर्ची द्यायला जमले नाही, ती चित्रातल्या उहुराला दिली!

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते पाहणाऱ्यांत आहे. भाषेचे काम आपण काम मानत नाही. १९९१ साली आलेल्या सहाव्या चित्रपटात एक प्रसंग आहे. शत्रूच्या, म्हणजे क्लिंगॉन लोकांच्या हद्दीतून यान न्यायचे आहे आणि पहारेकऱ्याला त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायचे आहे. आणि उहुरा काय करते? जाड जाड पुस्तके उलटीपालटी करत, सहकाऱ्यांच्या मदतीने, मोडक्यातोडक्या क्लिंगॉनमध्ये कसेबसे उत्तर देते. प्रेक्षकांनी हसावे म्हणून हा प्रसंग घातला. निकोल्सने त्याला आक्षेप घेतला होता. संपर्क विभागाच्या प्रमुखाला आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूची भाषा येत नसेल कशी, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. पंचवीस वर्षे जी स्त्री कान देऊन विश्व ऐकत होती, तिला शेवटच्या चित्रपटात बहिरी करून टाकले, आणि ते विनोदासाठी!

नंतरच्या पिढीने ही चूक सुधारली. २००९ च्या चित्रपटात झोई साल्डानाने उभी केलेली उहुरा परग्रहांच्या भाषांची तज्ज्ञ आहे, आणि तिचे 'न्योटा' हे पहिले नाव पडद्यावर प्रथम तेथेच उच्चारले गेले. स्वाहिलीत त्याचा अर्थ तारा. २०२२ साली सुरू झालेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये सेलिया रोझ गुडिंगची उहुरा शिकाऊ कॅडेट म्हणून येते तेव्हाच ३७ भाषा जाणते. तिच्यासाठी लिहिलेल्या भागात एका धूमकेतूवरचे गूढ यंत्र कोणाच्याच हिशेबाला दाद देत नाही. उहुरा गुणगुणते तेव्हा ते प्रतिसाद देते, आणि सुरांतून तिने साधलेल्या संवादाने सगळे वाचतात. १९६७ साली नोमॅडला जे गाणे सदोष वाटले होते, तेच गाणे पंचावन्न वर्षांनी किल्ली ठरले. त्याच वर्षी ३० जुलै रोजी नीशेल निकोल्सचे निधन झाले.

आता कोणी म्हणेल, ही सगळी अमेरिकेची गोष्ट, तिचे आपल्याला काय? आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर विचारले, "इतका तोकडा पोशाख घातलेल्या बाईचे पात्र मुलींपुढे कशाला ठेवता?" त्यांचा मान राखून आम्ही म्हणालो की, पोशाख मालिका करणाऱ्यांनी ठरवला, तो सगळ्याच स्त्री पात्रांना होता, आणि आम्ही मुलींपुढे कपडे नाही, काम ठेवत आहोत. बाईकडे पाहताना नजर पोशाखावर अडली की पोशाख तोकडा असो वा लांब, काम दिसत नाही. आपल्या मुलींना दोन्ही बाजूंनी याचा अनुभव आहे. कोणी त्यांचा बुरखाच पाहतो, कोणी त्यांचा बुरखा नसणेच पाहतो.

भाषेच्या कामाची उपेक्षा तर आपल्या इतिहासातही आहेच. मराठेशाहीच्या दरबारांत फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे अधिकारी होते. 'पारसनीस' हे आडनाव त्यांचेच, मूळ शब्द फारसीनवीस. दिल्लीशी, हैदराबादशी तह होत ते त्यांच्या लेखणीतून. एक शब्द चुकला तर मुलूख जायचा. पण पोवाडे झाले ते तलवार चालवणाऱ्यांचे. दोन भाषांच्या मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे समजावणाऱ्याचा पोवाडा आम्ही तरी ऐकलेला नाही.

आणि हे काम आज कोण करते आहे? ज्या मुलीने 'फोन उठाती है' म्हटले, तिच्यापाशीच आम्हाला परत यायचे आहे. त्या घटनेनंतर काही दिवसांनी पालकसभा होती. तिची आई आली होती, सोबत आजी. एका सरकारी कार्यालयातून आलेला मराठी कागद आजीच्या पिशवीत होता. उत्तर द्यायची मुदत जवळ आलेली, आणि तो कशाचा आहे हे त्या कार्यालयात त्यांना कोणी नीट समजावले नव्हते. मुलीने तो आमच्यासमोर उघडला, आधी मनाशी वाचला, मग आजीला दखनीत सांगितला, आईच्या शंका ऐकल्या, आणि आम्हाला शुद्ध मराठीत विचारले, "टीचर, 'तात्काळ' म्हणजे किती दिवसांत?" घरात उर्दू, शाळेत उर्दू आणि इंग्रजी, बाहेर मराठी. घरातला प्रत्येक कागद तीच वाचते. बँक, दवाखाना, रेशन, वीजबिल. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले हे आजीला समजेल अशा शब्दांत तीच सांगते, आणि आजीला कोठे दुखते हे डॉक्टरांना तीच सांगते. चौदा वर्षांची मुलगी. तिच्या घरचे याला काम म्हणत नाहीत. ती स्वतःही म्हणत नाही.

आम्ही तिला म्हणालो, "वह लाल कपड़ों वाली भी यही करती थी." ती लाजली. मग थोडा विचार करून म्हणाली, "तो फिर टीचर, वह सिर्फ फोन नहीं उठाती थी."

उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या आपल्या हजारो मुली रोज ही दुभाषेगिरी करतात. त्यांच्या कोणत्याही गुणपत्रिकेत या विषयाचा रकाना नाही. तीन भाषांत विचार करू शकणारी मुलगी ही ओझे नाही, ती त्या घराची संपर्क अधिकारी आहे. ती गप्प बसली तर घर आणि बाहेरचे जग यांच्यामधली वाट बंद होईल. उहुराच्या पात्राचे पुनर्मूल्यमापन करायचे ते यासाठी. तिला त्या खुर्चीवर बसवले म्हणून टाळ्या झाल्या. आपल्यातल्या मुलींनाही अधूनमधून व्यासपीठावर बसवून टाळ्या होतात. पण बसवणे वेगळे आणि तिचे म्हणणे ऐकणे वेगळे. जी आयुष्यभर दुसऱ्यांचे संदेश पोचवते, तिला स्वतःला काय सांगायचे आहे, हे विचारायला मूळ मालिकेने तीन हंगामांत फार थोडा वेळ दिला.

पुढच्या विज्ञान दिनाला आम्ही 'द चेंजलिंग' दाखवणार आहोत. या वेळी इंग्रजी संवादांचे उर्दू रूपांतर आम्ही करणार नाही. ते त्या मुलीने करायचे ठरले आहे. ती वहीत लिहून आणते आणि आम्ही तपासतो. परवा तिने एका जागी आमचीच चूक काढली.